हाताला दोन वेढे

पन्नाशीला टेकलेला माणूस पोटावर आडवा होऊन फळीवर झोपतो आणि लाटेची वाट बघतो, हे काही देखणं दृश्य नसतं. राजोडीच्या किनाऱ्यावर रविवारी सकाळी लोक चहाचे ग्लास हातात घेऊन माझी ही गंमत बघायला उभे राहायचे आणि हसायचे. हसू देत. मी तिथे हौस म्हणून गेलोच नव्हतो. माझी मुलगी घर सोडून गेली होती, माझं तोंड बघायला तयार नव्हती, आणि तिला परत आणायचा दुसरा रस्ता मला सुचत नव्हता. म्हणून मी सर्फिंग शिकलो. शिकलो कसला, समुद्राचा मार खाल्ला.

आता नवी पोरं विचारतात, काका, सुरुवात कशी करायची? मी म्हणतो, आधी पंधरा-वीस मिनिटं गप उभा राहा आणि पाणी बघ. लाट कुठे फुटते, कुठे फुटत नाही ते बघ. जिथे फुटत नाही तिथे पाणी शांत दिसतं, नवशिका खूश होऊन तिथेच घुसतो, आणि तिथूनच समुद्र माणसाला आत ओढतो. ओढलाच तर किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत बसू नकोस, दमून मरशील. आडवा जा, किनाऱ्याला धरून पोहत राहा, ओढ आपोआप सुटते. लाट आणि तू, मध्ये फळी कधी ठेवायची नाही, नाहीतर ती सरळ दातांवर येते. पडलास तर डोक्यावर हात धरून वर ये. इथपर्यंत मी नीट सांगतो. शेवटचं सांगताना मात्र माझा आवाज चढतो, चढतोच. फळीपासून पायाला बांधलेली दोरी हाताला गुंडाळायची नाही. एकदासुद्धा नाही. पोरं म्हणतात, काका, एवढं ओरडता कशाला? त्यांना मी कारण सांगत नाही.

आम्ही उमेळ्याचे, खाडीकाठचे शेतकरी. आता शेती नावालाच उरली आहे. अर्ध्या वाडीवर इमारती आल्या, आणि मी गोखिवऱ्याच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनवर सुपरवायझर आहे. पण माझं लहानपण बांधावर आणि चिखलात गेलं. भातखाचरात खाडीचं खारं पाणी शिरू नये म्हणून बांध घालतात, आणि पावसाचं पाणी बाहेर काढायला त्या बांधात लाकडी झडपेची उघाडी असते. त्या उघाडीची डागडुजी होडीतून करावी लागते. एक जण काम करतो, दुसरा होडीची दोरी धरून बांधावर उभा राहतो. ओहोटीचं पाणी असलं जोरात निघतं की मोकळी होडी बघता बघता मोठ्या खाडीत जाते. म्हणून आमच्यात दोरी नुसती धरत नाहीत. पंजाला दोन वेढे घालून धरतात. माझ्या बापाने मला तसंच शिकवलं, वल्ह्याच्या दांड्याने पाठ सोलून शिकवलं. वेढे घालायला विसरलो की दांडा बसायचा.

माझी मुलगी या सगळ्यातली नाही असं मला वाटायचं. ती कॉलेजला जाणारी, विरारच्या मैत्रिणींबरोबर फिरणारी. एक दिवस येऊन म्हणाली, पप्पा, राजोडीला सर्फिंग शिकवतात, मी जाणार. मी म्हटलं, जा बाई, खाडीत पोहणारी पोर तू, तुला समुद्र काय करतोय. शिकवणारा माणूस मालवणकडचा, पस्तिशीचा, काळा पडलेला, कमी बोलणारा. जुन्या गाडीच्या टपावर फळ्या लादून यायचा. मुलगी त्याला सर म्हणायची. घरी सारखं सर असं म्हणाले, सर तसं म्हणाले. मला त्याचा रागच यायचा. पाण्यातलं आम्हाला कोण शिकवणार, ही आमची मिजास.

मे महिना सरत आला होता. पावसाआधी समुद्र फुगायला लागतो, लाटा चढतात, आणि सर्फिंग करणाऱ्यांना तेच हवं असतं. त्या रविवारी मीही गेलो, पोरगी काय दिवे लावते ते बघायला. तिने लावले हो. दोन लाटांवर ती उभी राहिली, गुडघे वाकवून, नजर समोर. मी किनाऱ्यावरून ओरडलो. बाजूच्याला सांगितलं, माझी मुलगी.

तिसऱ्या लाटेने तिला उलटी केली. ती पाण्याबाहेर आली, मागून दुसरी लाट आली, फळी सुटून लांब गेली. मी बघितलं, तिने घोट्याची ताणलेली दोरी हाताने धरली आणि मनगट दोनदा फिरवलं. इतक्या झटकन, की बघणाऱ्याला कळलंही नसतं. मला कळलं. आणि मला बरं वाटलं, हे मी खोटं कशाला बोलू. मनात म्हटलं, शाब्बास, धरली. तेवढ्यात लाटेने फळी उचलली आणि किनाऱ्याकडे फेकली.

ती किंचाळली नाही. हात वर धरून पाण्यातून चालत आली. कोपरापर्यंत रक्त होतं, आणि करंगळीच्या शेजारचं बोट जिथे असायला हवं तिथे नव्हतं, कातडीला लोंबत होतं. तिचे सर माझ्या आधी पोचले. अंगातला शर्ट काढून त्यांनी तिच्या मनगटाला आवळायला सुरुवात केली. मी पळत गेलो आणि त्या माणसाच्या कानाखाली जाळ काढला. दुसरी तोंडावर मारली. तिसऱ्यांदा मूठ वळून मारली, त्यांच्या भुवईतून रक्त आलं. त्यांचे दोन्ही हात माझ्या मुलीच्या मनगटावर होते. त्यांनी एकदाही हात आडवा घातला नाही, कारण गाठ सुटली असती. मार खात खात त्यांनी गाठ मारली, आणि मग लोकांनी मला मागे खेचलं.

दोन पेरं गेली. डॉक्टर म्हणाले, जोडण्यासारखं काही शिल्लक नाही, सगळं चिरडलंय. गोखिवऱ्यात मी तुटलेली बोटं बघितलेली आहेत, मशीनखाली गेलेली बोटं फडक्यात गुंडाळून मी स्वतः माणसं दवाखान्यात नेलेली आहेत. पण माझ्या मुलीची ती बँडेज बांधलेली मूठ बघून मी जिन्यात जाऊन ओकलो.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या उशाशी बसून त्या माणसाला शिव्या देत होतो. पोलिसांत देतो, त्याची गाडी फोडतो, तुला एवढंही शिकवलं नाही का त्याने, असं माझं चाललं होतं. ती छताकडे बघत होती. म्हणाली, "पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. हाताला गुंडाळू नका म्हणून दहा वेळा वदवून घेतलं होतं."

"मग गुंडाळलीस कशाला?"

तिने मान वळवली. "हात तुटला तरी चालेल, दोरी सोडायची नाही. कोण म्हणालं होतं, पप्पा?"

मी म्हणालो होतो. ती दहा वर्षांची होती. उघाडीची फळी बदलायला मी तिला बांधावर दोरी धरून उभी केली होती. तिचं लक्ष कुठे खेकड्यांकडे गेलं आणि दोरी सुटली. होडी ओहोटीला लागली. मी उडी मारून अर्धी खाडी पोहलो, होडी पकडून आणली, बांधावर चढलो आणि तिला अशी थोबाडीत दिली की ती चिखलात पडली. तिला उठवून परत एक दिली. मग तिच्या पंजाला दोरीचे दोन वेढे घातले आणि दुसरं टोक ओढत राहिलो, ती रडत होती तरी ओढत राहिलो. तिच्या हातावर वळ उठले तेव्हा ते वाक्य बोललो. मला ते आठवतही नव्हतं. खरं सांगतो, तिने म्हणेपर्यंत ते माझ्या डोक्यातून पुसून गेलं होतं. तिच्या हातातून गेलं नव्हतं.

ती म्हणाली, सरांची माफी मागा, आणि चूक तुमची होती असं तुमच्या तोंडाने म्हणा. मी म्हटलं, माफी गेली खड्ड्यात. दहा वर्षांपूर्वीच्या दोन थोबाडीत घेऊन बसतेस? आम्ही किती खाल्ल्या. टाके निघाल्यावर ती बॅग भरून बोळिंजला मावशीकडे गेली, सातव्या मजल्यावर. फोन केला की मावशी उचलायची. सण आले नि गेले. गणपतीत ती आली नाही, नवरात्रात आली नाही. तिच्या खोलीत बायको रोज झाडू मारायची आणि माझ्याशी कामापुरतं बोलायची. एकदा भाकऱ्या थापताना म्हणाली, तुमचा हात कधी कोणाचं ऐकतो का? मी ताट सरकवून उठलो. बाहेर आल्यावर कळलं, की ताट सरकवणं म्हणजे तेच, हातानेच उत्तर देणं.

दिवाळीच्या तोंडावर मी राजोडीला गेलो. माफी मागायला नव्हे. मिजास अजून तशीच होती. सर, पाय घसरू नये म्हणून, फळीला मेण घासत बसले होते. भुवईवर माझ्या मुठीची खूण पांढरी पडली होती. मी म्हटलं, मला शिकव, बघू तू शिकवताना काय सांगतोस आणि काय सांगत नाहीस. ते मेण घासत राहिले. मग म्हणाले, मी बाहेर ये म्हटलं की बाहेर यायचं, आणि मला हात लावायचा नाही. तेवढंच.

पहिला तास वाळूवर. पोटावर झोप, छातीखाली तळवे, एका झटक्यात पाय पुढे, उभा. गुडघ्यावर थांबायचं नाही, पायाकडे बघायचं नाही. पन्नास वेळा करून माझ्या कमरेचा काटा ढिला झाला. मग त्यांनी घोट्याला दोरीचा पट्टा बांधला आणि म्हणाले, आता माझ्यामागून म्हणा, ही दोरी हाताला गुंडाळणार नाही. शाळेतल्या पोरासारखं मला दहा वेळा म्हणायला लावलं. दहाव्या वेळेला माझा आवाज बारीक झाला, कारण मुलीने सांगितलं होतं ते खरं होतं. पण कबूल कोण करणार?

मग समुद्राने माझा समाचार घ्यायला सुरुवात केली. पहिल्या रविवारी फळीचं टोक बरगडीत बसलं, आठवडाभर शिंक आली की डोळ्यात पाणी यायचं. दुसऱ्या रविवारी मी डोक्यावर पडलो, उथळ पाण्यात, नाक वाळूवर घासून सोलवटून निघालं. म्हणून सांगतो, उथळात पडताना अंग पसरून पडा, सूर मारू नका. तिसऱ्या रविवारी फळीच्या खालच्या पात्याने मांडी फाडली. लाट मला धरायची, आपटायची, उचलायची, परत आपटायची, आणि मी बाहेर येऊन तिला आईबहिणीवरून शिव्या द्यायचो. सर म्हणायचे, तुम्ही लाटेशी भांडता म्हणून पडता. मी म्हणायचो, मग काय तिला ओवाळू? पण मी जात राहिलो. मुलीला मावशीकडून कळत असणार, एवढीच आशा होती.

पाचव्या रविवारी ती आली. सुरूच्या झाडांखालून चालत आली, सरांशी बोलली, फळी घेऊन नवशिक्यांना धरायला पाण्यात उतरली. माझ्याकडे बघितलं नाही. चार बोटांच्या हाताने ती फळी दाबून धरत होती, पोरींना लाटेवर ढकलत होती. मी बघत राहिलो आणि मला काय झालं ते मलाच माहीत. तिला दाखवायचं होतं, बघ, तुझ्या बापानेही केलं.

अमावास्येचं उधाण होतं, वारा सुटलेला. सरांनी सांगितलं, आज कमरेच्या पुढे कोणी जायचं नाही. मी गेलो. छातीभर पाण्यात गेलो, त्याच्याही पुढे गेलो. एक मोठी लाट उठताना दिसली आणि मी तिच्यापुढे हात मारायला लागलो. उभा राहिलो का? अर्धा राहिलो. मग फळी पायाखालून निघाली आणि वरून सगळं पाणी माझ्यावर कोसळलं. नाकातोंडात पाणी गेलं. वर कुठे, खाली कुठे, कळेना. घोट्याला हिसका बसला, दोरी ताणली गेली.

आणि माझ्या हाताने ती धरली. मनगट फिरलं, एकदा, दोनदा. मी ठरवलं नव्हतं. दहा वेळा म्हटलेलं सगळं डोक्यात होतं आणि हात आपलं काम करून मोकळा झाला होता. पुढच्या लाटेने फळी उचलली तेव्हा पंजाची हाडं एकमेकांवर घासलेली मला ऐकू आली. सोडवायला गेलो तर वेढे मांसात रुतलेले. श्वास घ्यायला तोंड वर काढलं की लाट, परत काढलं की लाट. तेव्हा मला मरणाची भीती वाटली. तीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला.

कोणीतरी माझं मनगट धरलं. बुडणारा माणूस कोणाला ओळखत नाही म्हणतात. इतरांचं माहीत नाही, मी ओळखलं. मनगटावर चार बोटं होती आणि पाचव्याच्या जागी खुंट रुतत होता. ती माझी मुलगी होती, ती वेढे सोडवत होती, आणि माझ्या अंगातला कण न् कण ओरडत होता की दोरी सोडायची नाही. मी दुसऱ्या हाताची मूठ वळली आणि तिच्या तोंडावर मारली. ती मागे गेली, परत आली. मी परत मारली. तिने मनगट सोडलं नाही. फळी छातीशी ओढून तिने दोरीला ढील दिली, एक वेढा काढला, मग दुसरा काढला, आणि माझी मान धरून मला किनाऱ्याकडे लोटत नेलं.

वाळूवर मी चार पायांवर ओकत होतो. पंजा सुजून काळा पडला होता, पण पाचही बोटं जागेवर होती. ती शेजारी बसली होती. खालचा ओठ फाटला होता, पुढचा एक दात अर्धा तुटला होता, आणि ती रक्त वाळूवर थुंकत होती. सर पळत आले, मागोमाग चहावाला, शिकणारी पोरं, सगळे गोळा झाले. सरांनी तिची हनुवटी वर केली आणि विचारलं, काय लागलं?

ती म्हणाली, "बोर्ड."

सगळ्यांना ते पटलं. नवशिक्यांच्या गर्दीत फळी रोज कोणाला ना कोणाला लागते. कोणीतरी बर्फ आणायला पळालं. मी गप्प बसलो असतो तर गोष्ट तिथेच संपली असती, तिने मला तशी वाट करून दिली होती. ती माझ्याकडे बघतही नव्हती. तिला माझ्याकडून काही अपेक्षाच नव्हती, हे मला त्या क्षणी समजलं, आणि पाण्यात लागलं नव्हतं तेवढं ते लागलं.

मी म्हटलं, "बोर्ड नाही. मी मारलं."

माझा आवाज घोगरा आला, म्हणून परत म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ती मला सोडवायला आली आणि मी तिला ओळखून मारलं. मग सरांकडे वळलो. त्यांना सांगितलं, तुम्ही तिचा हात बांधत होतात तेव्हा मी तुम्हाला मारलं, तुमची काही चूक नव्हती. दोरी हाताला गुंडाळायला मी तिला शिकवलं, मारून शिकवलं. मला माफ करा. त्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा अहो-जाहो केलं. बर्फ आला तो त्यांनी तिच्या ओठाला लावला आणि उरलेला फडक्यात बांधून माझ्या पंजावर ठेवला. मी रडत होतो आणि लोक बघत होते, बघू देत.

लोक पांगले. मग तिने बर्फ काढला आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"आईला पण हेच सांगाल?"

मी हो म्हटलं. ती उठली, अंगावर टॉवेल घेतला आणि माझ्या मोटारसायकलपाशी जाऊन उभी राहिली. माझ्या हातात मूठ धरायची ताकद नव्हती, म्हणून गाडी तिने चालवली आणि मी मागे बसलो. उमेळ्याला बायकोने दार उघडलं, लेकीला बघून तिचा चेहरा फुलला, मग तिला तो ओठ आणि तो दात दिसला. मुलीने तोंड उघडलं, पण तिच्या आधी मी बोललो.